चार आठवड्यांचं जर्मनी: शिक्षण की सहल?

तिसरा_बाक

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. शुद्धलेखनाला हसा, पण प्रतिसाद द्या.

मी इतिहासात एम.ए. करतेय, पहिलं वर्ष झालं. यंदा, म्हणजे २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, चार आठवडे लाइपझिगला जर्मनच्या उन्हाळी वर्गाला जाऊन आले. पातळी बी-१, म्हणजे सहापैकी तिसरी. सकाळी पाच तास वर्ग, दुपारी कधी व्याख्यान, कधी संग्रहालय, रात्री गृहपाठ. शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा. प्रमाणपत्रावर ५ ईसीटीएस (म्हणजे युरोपातल्या पद्धतीचे) क्रेडिट आणि श्रेणी १,७.

परत आल्यावर ते क्रेडिट माझ्या गुणपत्रिकेत जमा व्हावेत म्हणून विभागात अर्ज केला. कारकून काकांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून विचारलं, "हे सतरा आहे का एक पूर्णांक सात?" मी म्हटलं एक पूर्णांक सात, जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. "पाचपैकी?" मी म्हटलं, हो, म्हणजे तसंच, पण... "मग नापासच की गं बाई!"

तिथं उलटी गंगा आहे, १ म्हणजे सर्वोत्तम, हे त्यांना समजावेपर्यंत सर आले. त्यांनी कागद पाहिलाही नाही. म्हणाले, "चार आठवड्यांत कसलं शिक्षण? छान सहल झाली म्हणा."

दोन दिवस मी चिडलेली होते. तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं, बरोबर तर नसतील ना? कारण काय शिकलीस असं स्वतःला विचारलं की पहिल्यांदा व्याकरण आठवतच नाही. खिडकी आठवते. वसतिगृहातल्या खोलीत पहिल्या रात्री भयंकर उकडत होतं, पंखा नव्हता. खिडकीचा दांडा आडवा केला की ती दारासारखी उघडते हे जमलं. बंद करताना दांडा चुकून पार वर गेला आणि अख्खी खिडकी वरच्या कडेने माझ्या अंगावर झुकली. मी दोन्ही हातांनी ती धरून उभी. मोडली! आता भरपाई! पाचेक मिनिटं तशीच उभी होते, शेवटी हात दुखले म्हणून सोडली. पडली नाही. ती तशीच झुकायला बनवलेली असते, हवा यावी नि पाऊस येऊ नये म्हणून.

तर प्रश्न दोन. एक, असे क्रेडिट कोणाला मिळालेत का आणि कसे? दोन, सर म्हणतात ते खरं आहे का?

भटकी_मांजर

खिडकी!!! मी तर रखवालदाराला बोलावून आणलं होतं. तो आला, एका बोटाने दांडा फिरवला, खिडकी लावली, माझ्याकडे बघितलं आणि गेला. एक अक्षर बोलला नाही. त्या नजरेसाठी तरी मला दोन क्रेडिट मिळायला हवे होते.

दुपारची_झोप

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

हिशेबनीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कामातलं आहे, म्हणून सविस्तर.

जर्मन श्रेणी १,० ते ५,० असते. १,० अव्वल, ४,० काठावर पास, ५,० नापास. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला तिथे 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. तेच उलटं फिरवायचं. कमाल गुणांतून उत्तीर्णतेचे गुण वजा करा, आलेल्या आकड्याला तीनने भागा, मग त्याला (श्रेणी उणे १) ने गुणा आणि तो गुणाकार कमाल गुणांतून वजा करा. तुमच्या विद्यापीठात १० कमाल आणि ४ ला पास धरलं तर १० उणे (०.७ × २), म्हणजे ८.६. काकांना हे एका ओळीत लिहून द्या. तोंडी सांगू नका, काका तोंडी सांगितलेलं विसरण्यात तरबेज असतात.

आता ५ ईसीटीएस म्हणजे काय ते. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, जर्मनीत सहसा ३०. त्यात वर्ग, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं आलं. तुझे वीस दिवस × पाच तास म्हणजे १०० तास वर्गातच गेले. रोज दोन तास गृहपाठ धरला तरी १४०. संपूर्ण सत्र ३० क्रेडिटचं असतं, म्हणजे तू चार आठवड्यांत सत्राचा सहावा हिस्सा केलास. 'चार आठवड्यांत कसलं शिक्षण'ला हे उत्तर आहे.

मात्र खरी चूक तुझीही आहे. हे सगळं जायच्या आधी करायचं असतं. कुठला विषय, किती क्रेडिट, इथल्या कुठल्या विषयाच्या बदल्यात, हे विभागाकडून लेखी घेऊन सही-शिक्क्यानिशी जायचं. युरोपात त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. आल्यावर मागितलं की ते उपकार होतात.

तिसरा_बाक

हिशेबनीसकाका, मनापासून धन्यवाद. लेखी घ्यायला हवं होतं हे मान्य. मी जायच्या आधी विचारलं होतं, तेव्हा "जाऊन तर ये, मग बघू" असं उत्तर मिळालं. ते 'मग' आता आलंय.

कडू_कारलं

सगळे गोड बोलतायत म्हणून मी येतो.

सरांचं चुकलं कुठे? विमानाचं तिकीट, व्हिसा, खोली, शुल्क, आणि बदल्यात भाषेची एक पातळी, तीही अर्धीच. तेवढ्या पैशात इथे बसून वर्षभर शिकवणी लावली असती तर बी-२ झालं असतं. उन्हाळी वर्ग म्हणजे ज्यांना परवडतं त्यांनी जायचं आणि आल्यावर 'जग बघितलं' म्हणायचं. प्रमाणपत्र हा सहलीवरचा शिक्का. खिडकीची गोष्ट मस्त आहे, मी हसलो, पण तीसुद्धा पर्यटकाचीच गोष्ट आहे ना?

हलके घ्या.

भटकी_मांजर

कारलेबुवा, तुम्ही कधी गेला होतात का?

कडू_कारलं

नाही. म्हणूनच डोकं ताळ्यावर आहे.

तिसरा_बाक

@कडू_कारलं, पैशांचं खरं सांगते. अर्धा खर्च शिष्यवृत्तीतून निघाला, उरलेल्यासाठी दोन वर्षं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. ज्यांना विचारायचं असेल त्यांच्यासाठी: जर्मन भाषा-साहित्याच्या उन्हाळी वर्गांसाठी डाडची (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) शिष्यवृत्ती असते, अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो. वर्गात अर्धेअधिक असेच जमवाजमव करून आलेले होते. माझ्या बाकावरची मुलगी रिकाम्या बाटल्या गोळा करायची. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की पावती येते. रविवारी बागेत लोकांनी टाकलेल्या बाटल्या वेचून तिने एका आठवड्याचा पाव-चीजचा खर्च काढला होता. यंत्र बाटली आत ओढून घेतं, फिरवून बघतं आणि पसंत नसेल तर परत बाहेर ढकलतं. ती दरवेळी त्याला "बिट्टं, बिट्टं" म्हणायची, म्हणजे 'घे ना रे बाबा'.

शिकवणीचं तुमचं गणित बरोबर आहे. बी-२ झालं असतं.

आषाढसरी

मला एक कोणीतरी सांगा. हा 'उन्हाळी' प्रकार जुलै-ऑगस्टमध्येच का? आपली सुट्टी संपून सत्र सुरू झालेलं असतं. मी गेले तेव्हा परतल्यावर चार आठवड्यांची गैरहजेरी डोक्यावर. शिक्षण घ्यायला गेले म्हणून शिक्षणातून गैरहजर!

हिशेबनीस

@आषाढसरी, कारण त्यांचं उन्हाळी सत्र एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत असतं आणि त्यातली व्याख्यानं जुलैच्या मध्यावर संपतात. मग वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या, वर्गखोल्या रिकाम्या, शिकवणारे मोकळे. त्या रिकाम्या जागेत हे वर्ग भरतात. त्यांच्या सोयीनं चाललंय सगळं, आपलं पंचांग कोण बघतंय तिथं.

व्याकरणमास्तर

धागा वाचतोय आणि मूळ मुद्दा कोणी काढतच नाहीये म्हणून राहवलं नाही. मराठी माणसाला जर्मन शिकताना जे फुकट मिळतं ते इंग्रजीवाल्याला रक्त आटवून मिळवावं लागतं.

लिंगं घ्या. देअर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. हिंदीवाल्यांचं 'ते' कधीच हरवलं, आपण जपून ठेवलंय. संख्या घ्या. फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश, पाच-आणि-वीस. इंग्रजीवाले डोकं धरतात. आपण? पंचवीस! पाच आधी, वीस नंतर. विभक्ती घ्या. डाटिव्ह म्हणजे आपली चतुर्थी, स-ला-ते, स-ला-ना-ते, शाळेत घोकलेली. 'झी' आणि 'डू'चा घोळ? अहो-जाहो आणि अरे-तुरे. पोटवाक्यात क्रियापद शेवटी? आपलं तर सगळीकडेच शेवटी असतं, आपण त्यांच्या एक पाऊल पुढे.

एका जागी मात्र जर्मन तोकडी पडते. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद त्यांना नाही, दोन्हींना 'व्हिअर'. वर्गात बाईंनी "व्हिअर जाणार आहोत" म्हटलं की मराठी मुलानं विचारावं, मी धरून का मला सोडून?

पुणेरी_नाही

मास्तर, सगळं खरं, पण जर्मनमध्ये 'मुलगी' नपुंसकलिंगी आहे. डास मेडशन. याचं काय करायचं?

व्याकरणमास्तर

'शन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय, तो लागला की शब्द नपुंसकलिंगी. आपलं 'पोरगं' कोणतं लिंग आहे? 'ते पोर', 'ते लेकरू', 'ते कोकरू'. लहान झालं की 'ते' होतं. नाकं मुरडायची तर आधी स्वतःची मुरडा.

भटकी_मांजर

मास्तर फॉर्मात! पण तिसरे_बाकताईंचा प्रश्न राहिला बाजूला.

दुपारची_झोप

मास्तरांनी घड्याळ सोडलं. ते माझ्याकडून घ्या, मी किंमत मोजलीय.

'हाल्प त्सेन' म्हणजे अर्धे दहा. माझ्या इंग्रजी डोक्यानं ठरवलं दहा वाजून अर्धा तास, साडेदहा. ते असतं साडेनऊ! दहाव्या तासाचा अर्धा. मी साडेदहाला फलाटावर पोहोचलो तेव्हा आमचा सगळा गट पुढच्या गावी पोहोचून किल्ला चढत होता. फोनवर बाई म्हणाल्या, "आम्ही तर अर्ध्या दहाला निघालो." मी म्हटलं, मी पण अर्ध्या दहालाच आलोय.

व्याकरणमास्तर

@दुपारची_झोप, मराठीत विचार केला असतास तर गाडी चुकली नसती. 'पाऊण' आठव. पावणेदहा म्हणजे दहाला पाव कमी, आपणही येणाऱ्या तासाकडे बघूनच मोजतो. 'अडीच' हा शब्दसुद्धा मुळात 'अर्ध-तृतीय', तिसरा अर्धा. अगदी हाल्प.

तिसरा_बाक

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर मला एक सांगायचंय. लांबेल. धागा काढला तेव्हा हे लिहायचं टाळलं होतं.

लाइपझिग सॅक्सनीत आहे. तिकडचे लोक सव्वातीनला 'तीन वाजून पाव' म्हणत नाहीत, 'फिअर्टल फिअर' म्हणतात, म्हणजे 'पाव चार'. चौथ्या तासाचा पाव भाग झाला. आणि पावणेचारला 'द्रायफिअर्टल फिअर', पाऊण चार. आमच्या बाई तिथल्याच होत्या. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर घड्याळं काढून हे शिकवलं. वर्गातल्या युरोपियन मुलांना ते अजिबात झेपेना. मला आवडलं. त्याच आठवड्यात डाटिव्हची उजळणी चालली होती. मास्तर म्हणतात तशी मी मनात स-ला-ते करत होते आणि सगळ्यांच्या आधी उत्तरं देत होते. थोडी हवेतच होते म्हणा.

शनिवारी वायमारला गेलो. कवी गटेचं घर, कवी शिलरचं घर, बागा. दुपारी बसने एटर्सबर्गच्या टेकडीवर, बुखेनवाल्डला. शहरापासून इतकं जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. १९३७ ते १९४५ तिथे नाझींची छळछावणी होती, पावणेतीन लाखांहून जास्त माणसं डांबली, सुमारे ५६ हजार मेली. हे आकडे मला पाठ होते. इतिहासाची विद्यार्थिनी, परीक्षेत लिहिलेत.

आत जायला एक लोखंडी फाटक आहे. त्याच्या गजांत अक्षरं बसवलीत. बाहेरून वाचायला गेलं तर उलटी दिसतात, आरशातल्यासारखी. मला लागेना. आत गेले, मागे वळले आणि सरळ वाचता आलं. JEDEM DAS SEINE. 'येडम डास झायनं.' ज्याला त्याचं. आत उभ्या असलेल्या कैद्यांना वाचता यावं म्हणून ती अक्षरं आतल्या बाजूने लावलीत. ती अक्षरं रेखाटणारा फ्रान्झ एरलिश स्वतः तिथे कैदी होता, बाउहाउस या कलाशाळेत शिकलेला.

आणि मी काय केलं सांगू? माझ्या डोक्यात पहिला विचार आला: येडम, डाटिव्ह, एकवचन, पुल्लिंग. बरोबर. 'ला' प्रत्यय. गुरुवारी सोडवलेलं उदाहरण.

मग लाज वाटली. वर बघितलं तर फाटकावरच्या मनोऱ्यात घड्याळ. तीन वाजून पंधरा मिनिटांवर थांबवलेलं. ११ एप्रिल १९४५ ला छावणी सुटली त्या वेळेवर. माझ्या शेजारी बाटल्या गोळा करणारी ती मुलगी उभी होती. तिनेही वर बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "फिअर्टल फिअर." बरोबर आलं होतं तिचं. आठवडाभर येत नव्हतं. बाई मागेच होत्या. एरवी कोणाचं उत्तर बरोबर आलं की त्या लगेच "गेनाउ!" म्हणतात. त्या काही बोलल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही. सोमवारी पुन्हा डाटिव्ह.

सर सहल म्हणाले तेव्हा मला हेच आठवलं होतं, आणि ते सांगायला तोंडात शब्द येईना. इथे लिहायलाही चार दिवस लागले.

आषाढसरी

...

दुपारची_झोप

माझा विनोद मागे घेतो.

कडू_कारलं

@तिसरा_बाक, चांगलं लिहिलंयस. पण मी माझं म्हणणं सोडत नाही, तेव्हा राग मानू नकोस. बुखेनवाल्डला रोज पर्यटकांच्या बसगाड्या जातात. तुला जे झालं ते एखाद्या सहलीला आलेल्यालाही होऊ शकतं. मग वर्गाचं त्यात काय?

भटकी_मांजर

कारलेबुवा, पर्यटकाला भाषांतर वाचून दाखवतात. त्याला 'येडम'मधला 'म' खुपत नाही. हिला खुपला कारण गुरुवारी तो सोडवला होता. एवढंच.

जुनी_वही

उशिरा आले. मी निवृत्त, वेळ आहे, म्हणून थोडा इतिहास.

उन्हाळ्यात विद्यापीठ उघडं ठेवणं ही बरीच जुनी गोष्ट. हार्वर्डचे उन्हाळी वर्ग १८७१ पासूनचे. एडिंबरोत पॅट्रिक गेडिस यांनी १८८० च्या दशकात उन्हाळी मेळावे सुरू केले, आणि तिथेही त्यांचा आग्रह होता की माणसांना शहर हिंडवून, बघायला लावून शिकवायचं. म्हणजे 'सहल की शिक्षण' हे भांडण त्यांनी तेव्हाच निकालात काढलं होतं. हेच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. अमेरिकेतून शिकायला परदेशी पाठवण्याची सुरुवातही लहानशीच. डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी १९२३ च्या जुलैमध्ये फ्रान्सला निघाले. 

आणि जर्मनीचा विषय आहे तर मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचं नाव निघायलाच हवं. १९२८ ला त्या बर्लिनला गेल्या, मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. वंशाप्रमाणे कवटीचा डावा-उजवा असमतोल बदलतो हे सिद्ध करायचं काम होतं. मोजमापं केली आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकाच्या तोंडावर, परक्या देशात.

दुपारची_झोप

आजी, इरावतीबाई उन्हाळी वर्गाला नव्हत्या गेल्या हो. दोन वर्षं होत्या. कारलेबुवा आता म्हणतील, बघा, शिक्षणाला दोन वर्षं लागतात.

कडू_कारलं

मी गप्प होतो. तुम्हीच बोललात.

जुनी_वही

आजी कोण रे? अजून पायऱ्या चढते मी.

सामानसुमान

ज्यांना प्रत्यक्ष जायचंय त्यांच्यासाठी रुक्ष माहिती टंकतो, बाकी चालू द्या.

९० दिवसांच्या आतला वर्ग असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्यात आधीची वारीही मोजली जाते. शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो. विमा किमान ३० हजार युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर घेत नाहीत. जाताना पॅरिस, येताना रोम असं केलंत तरी अर्ज मुख्य मुक्काम जिथे आहे त्या देशाकडे. आणि 'तिथे गेल्यावर बघू, आवडलं तर पुढे शिकू' हे डोक्यातून काढा. हा व्हिसा तिथे बसून विद्यार्थी व्हिसात बदलून मिळत नाही, परत येऊनच अर्ज करावा लागतो.

डॉइचलँड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा पास, २०२५ मध्ये महिना ५८ युरो होता. स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी नाही. ते तिकीट नाही, वर्गणी आहे! महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. माझे दोन महिने गेले.

तिसरा_बाक

@सामानसुमान, माझा एक गेला.

रिकामी_खुर्ची

मी वेगळं सांगते. मी दुसऱ्या देशातल्या एका खासगी उन्हाळी वर्गाला गेले होते, नाव घेत नाही. आम्ही इथून एकवीसजण एकत्र. एकाच मजल्यावर खोल्या, एकच बस, जेवायला एकाच टेबलावर. वर्ग सकाळी दोन तास, त्यातही शिक्षक रोज वेगळा. चार आठवड्यांत मी तिथल्या लोकांशी जे बोलले ते 'धन्यवाद' आणि 'स्वच्छतागृह कुठे आहे'. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर, सोनेरी नक्षी. ते माझ्या विभागाने लगेच स्वीकारलं! सर्व क्रेडिट जमा. तेव्हा @कडू_कारलं यांचं म्हणणं माझ्या बाबतीत शंभर टक्के खरं, आणि तिच्या बाबतीत नाही. क्रेडिट मात्र मला मिळाले.

कडू_कारलं

@रिकामी_खुर्ची, हा या धाग्यावरचा सर्वात प्रामाणिक प्रतिसाद. टोपी काढली.

पुणेरी_नाही

कारल्याला पाक सुटला!

भटकी_मांजर

रच्याकने, तिसरे_बाकताई, व्याख्यानांचं काही सांगितलं नाहीस. ते पाव तास प्रकरण तुझ्या वेळी होतं का?

तिसरा_बाक

होतं! भिंतीवर कागद: '१६ सी.टी.' मी चारला पाच कमी असताना हजर. दालनात मी आणि झाडणारे एक आजोबा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं इमारत चुकली, सगळे मजले पालथे घातले. सव्वाचारला सगळे एकदम आले. सी.टी. म्हणजे कुम टेम्पोरे, 'वेळासह', छापलेल्या वेळेनंतर पाव तासाने सुरू. वेळेवर हवं असेल तर 'एस.टी.' लिहितात. आता सांगा, 'वेळासह' म्हणजे उशिरा!

आणि शेवटी टाळ्या नाहीत. सगळ्यांनी मुठी वळून बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक केलं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच खाली आणून बाकावर ठोकले. लाकडाचा आवाज, दोनशे मुठी. पहिल्यांदा मला वाटलं लोक रागावलेत. शेवटच्या तोंडी परीक्षेत मी शहरातल्या १९८९ च्या, पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्धच्या सोमवारच्या मोर्चांवर बोलले, ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी रस्त्यावर आलेल्या ७० हजार लोकांवर. आमच्या बाई त्या वर्षी शाळेत होत्या, आईने त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नव्हतं म्हणाल्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि टेबलावर तीनदा टकटक केलं. १,७ पेक्षा मला ते जास्त लक्षात आहे.

व्यवस्थापक

धागा वाहता आहे, उघडा ठेवतो. वैयक्तिक टोमणे आवरते घ्या. पायऱ्या चढणाऱ्या आजींनाही.

जुनी_वही

व्यवस्थापक महाशय!

तिसरा_बाक

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

हिशेबनीसकाकांनी सांगितलं तसं केलं. एका पानावर तासांचा हिशेब, सूत्र, ८.६, सोबत वर्गाचा अभ्यासक्रम. बुखेनवाल्डबद्दल काही लिहिलं नाही. कारकून काकांनी स्वतः गणकयंत्रावर सूत्र करून बघितलं, दोनदा. दुसऱ्यांदाही ८.६ आल्यावर म्हणाले, "मग नापास नाही तू." पान पुढे सरकवलं. सरांनी सात आठवडे ठेवलं.

काल निकाल आला. पाच मागितले होते, तीन मिळाले. शेरा: 'अतिरिक्त क्रेडिट म्हणून मान्य, श्रेणी विचारात घेतलेली नाही.' विषयाचं नाव त्यांनीच घातलंय: 'परदेशी अभ्यास सहल'.

सही घ्यायला गेले तेव्हा सर म्हणाले, "त्या वायमारजवळच्या फाटकावर काय लिहिलंय गं? मूळ जर्मन सांग." मी सांगितलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, 'येडम'वर थांबले आणि विचारलं, "हा म कशाचा?"

हिशेबनीस

तीन तर तीन. अपिलाची मुदत बघून घे, उरलेल्या दोनचा मसुदा मी देतो.

कडू_कारलं

टक टक टक.

भटकी_मांजर

टक टक टक टक.

जुनी_वही

टक टक. (गुडघ्याने नाही, मुठीने.)

दुपारची_झोप

उशीर झाला, पण मी सी.टी. आलोय. टक टक.